ग्वाटेमालातल्या माया मुलामुलींचं शैक्षणिक पालकत्व : सहावीनंतरची वाट कशी धरून ठेवायची

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला ग्वाटेमालाचा माणूस सहज भेटतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात, बांधकामावर, घराबाहेरचं गवत कापणाऱ्या टोळीत. त्यातले बरेच जण घरी स्पॅनिश बोलत नाहीत, माम किंवा किचे बोलतात, हे आपल्याला उशिरा कळतं. मग ओळखीतलं कुणी अतित्लान सरोवर पाहून येतं, येताना एखाद्या संस्थेचं पत्रक आणतं आणि मित्रमंडळीत विषय निघतो, की तिथल्या एका मुलीचं शिक्षण आपण उचलायचं का?

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न म्हणजे ‘आपल्या मेळघाटातली गरज संपली का?’ नाही संपली. ज्याला मेळघाटात द्यायचं आहे त्याने तिथेच द्यावं, त्याच्याशी माझा वाद नाही. हा लेख ज्यांनी ग्वाटेमालाचं ठरवलं आहे त्यांच्यासाठी आहे. त्यांना माझं सांगणं एवढंच, की फोटो पाहून मूल निवडू नका, शिक्षणाचा टप्पा निवडा आणि तो पुरा होईपर्यंत मागे हटू नका. पुढचं सगळं ते कसं करायचं याबद्दल.

पैसा नेमका कुठे अडतो

२०१८ च्या जनगणनेत ग्वाटेमालाची लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास मोजली गेली आणि त्यातले जवळजवळ ४२ टक्के लोक माया होते. पिरॅमिड बांधून लुप्त झालेली जमात अशी आपली शाळकरी समजूत असेल तर ती इथेच सोडून द्यावी. २००३ च्या राष्ट्रीय भाषा कायद्याने २२ माया भाषांना मान्यता दिली आहे. किचे, केक्ची, काक्चिकेल आणि माम या त्यातल्या मोठ्या. किचे आणि माम पश्चिमेच्या डोंगराळ भागात, काक्चिकेल मध्यभागी चिमालतेनांगो आणि सोलोलाकडे, केक्ची उत्तरेला आल्ता वेरापासच्या बाजूला. शेजारच्या दोन गावांना एकमेकांची भाषा कळत नाही असं इथे सर्रास असतं.

गरिबीलाही इतिहास आहे. १८७० नंतर कॉफीचे मळे वाढले, त्यात माया गावांच्या जमिनी गेल्या आणि डोंगरातल्या माया लोकांना सक्तीने मजुरीला नेण्याची व्यवस्था सरकारनेच बसवली. १९३४ च्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्याने, ज्याच्याकडे पुरेशी जमीन नाही त्याने वर्षात ठरावीक दिवस मळ्यावर राबलंच पाहिजे अशी सक्ती केली. १९४४ च्या क्रांतीनंतर ती उठली, जमीन मात्र परत आली नाही. पुढे १९६० ते १९९६ असं ३६ वर्षांचं यादवी युद्ध झालं. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली असा अंदाज दिला, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. आज शाळेत असलेल्या मुलांच्या आजी-आजोबांची पिढी ती. आजीला लिहिता-वाचता येत नाही, यामागे हे सगळं आहे.

आता शाळेकडे. प्राथमिक शिक्षण सहा वर्षांचं. त्यानंतर ‘बासिको’, म्हणजे सातवी ते नववी. त्यापुढे ‘दिव्हेर्सिफिकादो’, दोन किंवा तीन वर्षांचं. तिथे शाखा निवडावी लागते. १९८५ च्या राज्यघटनेने बासिकोपर्यंतचं शिक्षण सक्तीचं आणि सरकारी शाळेत मोफत ठरवलं आहे. गावात प्राथमिक शाळा बहुधा असते, मुलं जातातही. गळती सुरू होते ती सहावीनंतर.

याचं कारण सोपं आहे. पुढची सरकारी शाळा गावात नसते. दुर्गम भागात १९९८ पासून ‘तेलेसेकुंदारिया’ आहेत. ही मेक्सिकोकडून घेतलेली पद्धत. चित्रफितींच्या आधाराने एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो. काही ठिकाणी ‘सहकारी’ माध्यमिक शाळा असतात, ज्यांचा खर्च शिक्षण खातं, नगरपालिका आणि पालक मिळून उचलतात. म्हणजे पालकांना महिन्याची वर्गणी आलीच. दिव्हेर्सिफिकादोच्या तर बहुसंख्य शाळा खासगी आणि तालुक्याच्या गावात. फी एकवेळ जमेल. पण रोजचं बसभाडं किंवा गावात भाड्याची खोली, गणवेश, बूट, वह्यांची लांबलचक यादी, झेरॉक्स, मोबाइलचा डेटा, आणि मुलगा घरी राहिला असता तर त्याने आणली असती ती मजुरी? संस्थांच्या पत्रकात ही शेवटची रक्कम सहसा नसते. घरात मात्र सगळ्यात आधी तिचाच हिशेब होतो.

टप्पा ठरवा

सुरुवातीलाच तीनपैकी एक रस्ता निवडा.

बासिकोची तीन वर्षं उचलणं सर्वांत सुटसुटीत. रक्कम तुलनेने कमी, मूल घरी राहून शिकतं आणि परिणाम लवकर दिसतो. पहिल्यांदा उतरणाऱ्या चार-पाच मित्रांच्या गटाने इथून सुरुवात करावी.

दिव्हेर्सिफिकादो ही माझ्या मते सर्वांत मोलाची जागा आहे. खर्च वाढतो, मूल घराबाहेर पडतं आणि नेमकं याच वयात देणगीदार पांगलेले असतात, कारण लहान मुलाच्या फोटोला जो जिव्हाळा मिळतो तो सतरा वर्षांच्या मिसरूड फुटलेल्या मुलाला मिळत नाही. नोकरीच्या जाहिरातीत मात्र ‘दिव्हेर्सिफिकादो उत्तीर्ण’ हीच पहिली अट असते. इथे शाखेकडे नीट लक्ष द्या. दोन वर्षांचं ‘बाचियेरातो’ असतं, तीन वर्षांचा ‘पेरितो कोन्तादोर’ हा हिशेबनिसाचा अभ्यासक्रम असतो, संगणक, पर्यटन असे प्रकार असतात. पूर्वी इथेच शिक्षक होता येत असे. डोंगरातल्या शेकडो माया तरुणांनी तीन वर्षांचं ‘माहिस्तेरियो’ करून गावच्या शाळेत पक्की नोकरी मिळवली होती; तेव्हाची ती सर्वांत ओळखीची वाट. २०१२ मध्ये विद्यार्थ्यांची मोठी आंदोलनं होऊनही ही व्यवस्था बदलली आणि प्राथमिक शिक्षक व्हायला बाचियेरातोनंतर विद्यापीठात आणखी शिकणं आवश्यक झालं. बालवाडीच्या शिक्षकांचा अभ्यासक्रम, त्यात द्विभाषिक शाखाही, अजून दिव्हेर्सिफिकादोतच आहे. म्हणून एखादी मुलगी ‘मला शिक्षिका व्हायचं आहे’ म्हणाली तर संस्थेला विचारा, कुठल्या वर्गाची? उत्तरावर तुमची जबाबदारी तीन वर्षांची की पाच वर्षांची ते ठरेल.

तिसरा रस्ता विद्यापीठाचा. सरकारी सान कार्लोस विद्यापीठ १६७६ चं. देशातल्या विद्यार्थ्यांसाठी त्याची फी नाममात्र आहे, पण प्रवेशपरीक्षा आहे आणि शहरात राहण्याचा खर्च फीच्या कित्येक पट. खासगी विद्यापीठांत जेझुइटांचं राफाएल लांदिव्हार आणि देल व्हाये ही मोठी नावं. देल व्हायेचं एक आवार सोलोलात, पूर्वीच्या लष्करी तळाच्या जागेवर आहे. बऱ्याच विद्यापीठांत शनिवार-रविवारचे वर्ग भरतात. आठवडाभर नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेज हा तिथल्या गरीब विद्यार्थ्यांचा सर्रास मार्ग आहे. अशा विद्यार्थ्याला पूर्ण खर्च द्यायची गरज नसते. बसभाडं, फीचा काही भाग आणि एक बऱ्यापैकी लॅपटॉप एवढ्यावर तो पदवीपर्यंत जाऊ शकतो. मुक्कामाच्या खर्चाचा सरळ आकडा सांगणाऱ्या संस्थेला ‘तो शनिवारचा वर्ग करू शकतो का?’ हे विचारून बघायला हरकत नाही.

टप्प्याचा पूर्ण हिशेब आधी

एका वर्षाचा आकडा ऐकून ‘एवढंच?’ म्हणणं हा इथला नेहमीचा सापळा. हिशेब टप्प्याचा करायचा. आकडेमोडीपुरतं धरू, की संस्थेने वर्षाला ६,००० क्वेत्झाल (हे तिथलं चलन) सांगितले. तीन वर्षांचे झाले १८,०००. डॉलरला साधारण पावणेआठ क्वेत्झाल मिळतात आणि हा दर बरीच वर्षं फारसा हललेला नाही, म्हणजे सुमारे २,३२० डॉलर. त्यावर १५ टक्के राखीव धरा, कारण एखादा विषय राहतो, चष्मा लागतो, शाळा बदलावी लागते. झाले २,६७० च्या आसपास. रुपयांत देणाऱ्याने रुपयाच्या घसरणीसाठी आणखी थोडं बाजूला ठेवावं. डळमळतो तो आपल्या बाजूचा दर.

गटाने करत असाल तर पहिलं मूल घेण्याआधी निदान पहिल्या दीड वर्षाचे पैसे खात्यात जमा असू द्या. चौघांपैकी एकाची नोकरी गेली म्हणून तिकडे आठवीतल्या मुलीचं नाव शाळेतून कमी होता कामा नये. दरमहा वर्गणी गोळा करू असं म्हणणारे गट दुसऱ्या वर्षी कुठे असतात, हे भिशी चालवलेल्या कुणालाही विचारा.

संस्था निवडणं

थेट कुटुंबाला पैसे पाठवू नका. ओळखीच्या ग्वाटेमालन माणसाच्या पुतणीला मदत करायची असेल तर ती खुशाल करा, पण ती तुमच्या नात्यातली मदत झाली. तिचा हिशेब, पाठपुरावा आणि दुरावा सगळं तुमच्या गळ्यात येतं.

काम कसं वेगवेगळ्या पद्धतीने चालतं हे कळावं म्हणून काही नावं सांगतो, शिफारस म्हणून नव्हे. ‘कॉमन होप’ ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहराच्या परिसरात १९८६ पासून आहे. शिक्षणाबरोबर कुटुंबाचं आरोग्य आणि घर असं एकत्र धरते. ‘कोऑपरेटिव्ह फॉर एज्युकेशन’ १९९६ पासून बासिकोच्या शाळांना पाठ्यपुस्तकं देते. पालक पुस्तकांचं थोडं वार्षिक भाडं भरतात, ते साठत जातं आणि पाचेक वर्षांनी त्याच पैशातून नवे संच येतात. शिवाय त्यांची शिष्यवृत्तीही आहे. ‘माइया’ची सोलोलात माया मुलींसाठी स्वतःची शाळा २०१७ पासून चालते आणि तिथे पुढाकार माया स्त्रियांचा आहे. ‘लिमिटलेस होरायझन्स इशिल’ चाहुल या इशिल भाषक गावात काम करते. युद्धाची सर्वांत भीषण झळ बसलेल्या टापूतलं हे गाव. ‘माया एज्युकेशनल फाउंडेशन’चा भर शिष्यवृत्त्यांवर आहे.

निवडताना संकेतस्थळावरच्या हसऱ्या चेहऱ्यांवर वेळ घालवू नका. पत्र लिहून विचारा :

घरभेटीला जाणारा कार्यकर्ता मुलाच्या आईशी कुठल्या भाषेत बोलतो? उत्तर ‘स्पॅनिश’ असेल तर सावध व्हा. आई स्पॅनिश कळल्यासारखी मान हलवते, आणि निम्मी माहिती तिथेच हरवते.

गेल्या पाच वर्षांत बासिकोत घेतलेल्यांपैकी किती जणांनी तो पूर्ण केला, आणि जे सुटले ते का? चांगल्या संस्थेकडे सुटलेल्यांची यादीही असते. ‘आमचा यशाचा दर शंभर टक्के’ हे ऐकलं की मी पुढे विचारतच नाही.

मूल नापास झालं तर काय करता? ग्वाटेमालात उत्तीर्ण व्हायला शंभरात ६० लागतात आणि राहिलेल्या विषयांची फेरपरीक्षा असते. एका नापाशीत मदत बंद करणारी संस्था मला मान्य नाही, अमर्याद वर्षं देणारीही नाही.

पैसे एका ठरावीक मुलाच्या नावे जातात की सामायिक निधीत? बहुतेकांना आपलं मूल, त्याचं पत्र, त्याचा फोटो हवा असतो. माझं मत सामायिक निधीच्या बाजूचं आहे. एकाच वर्गात ज्याचा परदेशी पालक उदार त्याला नवे बूट आणि शेजारच्याला काही नाही, यातून हेवा वाढतो; भावंडांत तर फारच. शिवाय एक देणगीदार गळाला म्हणून एक मूल गळत नाही. सगळ्यांना हे पटत नाही, आणि मुलाशी नातं जुळलं तरच दरवर्षी पैसे देणारी माणसंही असतात, हे खरं आहे. मधला मार्ग असा, की पत्रव्यवहार एका मुलाशी आणि पैसे निधीत. काही संस्था तसं करतात. नसतील करत तर सुचवा.

नोंदणी कुठे आहे? अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेचं वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ९९०, सार्वजनिक असतं आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यात ग्वाटेमालात किती खर्च झाला आणि अमेरिकेतल्या कार्यालयावर किती, ते दिसतं. कार्यालयीन खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, हा आपला आवडता समज इथे बाजूला ठेवा. मुलांना शाळेत टिकवणारी माणसं, म्हणजे घरभेट देणारी, शिकवणी घेणारी, याच खर्चात बसतात.

मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण आहे का? देणगीदार आणि मूल यांचा थेट संपर्क ते होऊ देतात का? ‘हो, व्हॉट्सअॅप नंबर देतो’ असं उत्तर आलं तर तिथे थांबा.

निवड त्यांच्यावर सोडा

विद्यार्थी कोण घ्यायचा हे तिथली माणसं ठरवतात. ती घरी जातात, उत्पन्न, जमीन, किती भावंडं, चूल की गॅस, पाणी कुठून येतं हे पाहतात. जन्माचा दाखला, ओळख क्रमांक, आधीच्या इयत्तांची प्रमाणपत्रं तपासतात. कागदावरचं नाव एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळं असलं तर राष्ट्रीय नोंदणी कार्यालयात जाऊन ते दुरुस्त करावं लागतं. माया नावं स्पॅनिश लिपिकाने ऐकतील तशी लिहिल्यावर असं होणारच. या खेपांचं बसभाडंही शिष्यवृत्तीत धरा.

आपल्याकडून एक हस्तक्षेप मात्र नेहमी होतो, ‘हुशार मूल द्या.’ आपल्या समाजाला टक्केवारीचं वेड आहे आणि ते आपण सातासमुद्रापार नेतो. सरासरी ८५ असलेलं मूल बहुधा गावठाणातलं असतं, ज्याचा बाप शिंपी किंवा दुकानदार आहे. दोन तास चालत येणाऱ्या आणि घरी फक्त माम बोलणाऱ्या मुलीला स्पॅनिशमध्ये ६८ पडलेत, तर त्या ६८ मागे किती चालणं आहे ते कार्यकर्त्याला माहीत असतं. किमान गुणांची अट ६५ च्या आसपास ठेवायला सांगा आणि बाकी त्याच्यावर सोडा.

मुलींबद्दल थोडं अधिक. २०१७ पासून ग्वाटेमालात १८ वर्षांखालच्या लग्नाला कायद्याने कुठलीच सूट नाही, तरी खेड्यात पंधरा-सोळाच्या वयात मुलगी ‘कुणाबरोबर राहायला जाते’ आणि शाळा सुटते. म्हणून आठवी-नववीत आईशी नियमित बोलणारी बाई संस्थेत हवी. पोशाखाचाही प्रश्न आहे. माया मुली घरी विणलेलं ‘हुइपिल’ (वरचा सदरा) घालतात आणि गुंडाळायचं ‘कोर्ते’ नेसतात. पारंपरिक पोशाखाला शाळेत अडवणं हा भेदभाव आहे आणि २००२ पासून भेदभाव हा तिथे गुन्हा आहे. एक हुइपिल विणायला महिने लागतात आणि कोर्ते स्वस्त नसतं. गणवेशाच्या खात्यात पोशाखाचे पैसे धरता येतील का, हे जरूर विचारा.

पैसे पाठवण्याची बाजू

अमेरिकेत असाल तर काम सोपं : तिथे नोंदलेल्या ५०१-सी-३, म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्थेला द्या, पावती ठेवा आणि कंपनी तेवढीच रक्कम घालते का ते मनुष्यबळ विभागाला विचारा. अनेक मराठी मंडळी मोठ्या कंपन्यांत आहेत आणि हा पैसा नुसता पडून राहतो. ब्रिटनमध्ये, तिथे कर भरणाऱ्याने तिथल्याच नोंदणीकृत संस्थेला दिलं तर गिफ्ट एड या सरकारी योजनेतून एका पौंडामागे २५ पेन्स संस्थेला जास्तीचे मिळतात.

भारतातून पाठवताना कागद लागतात, अवघड काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात आणि देणगी त्यात बसते. पॅन लागतो, बँकेचा ए-२ फॉर्म भरायचा, उद्देशाच्या रकान्यात परदेशी धर्मादाय संस्थेसाठीचा एस१३०३ हा कोड. वर्षात १० लाख रुपयांच्या आत राहिलात तर टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. एफसीआरएची भीती घालणारा कुणीतरी भेटेलच. तो कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या देणग्यांचा आहे, इथून बाहेर जाणाऱ्या नव्हे. मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची प्राप्तिकर सवलत मिळत नाही.

एक गोष्ट मंडळांनी आधीच समजून घ्यावी. एलआरएस फक्त व्यक्तींसाठी आहे, न्यास, कंपनी किंवा भागीदारी संस्थेसाठी नाही. आणि भारतात नोंदलेल्या धर्मादाय न्यासाला आपलं उत्पन्न भारताबाहेर खर्च करायचं तर प्राप्तिकराची सूट टिकवण्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, तीही भारताला स्वारस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय कल्याणासाठी. थोडक्यात, पुण्यातल्या मंडळाच्या खात्यातून सोलोलाला पैसे पाठवायचा विचार सोडा. सदस्यांनी व्यक्ती म्हणून पाठवावेत. मंडळाने फार तर त्यांची वही ठेवावी.

पैसे वर्षातून एकदाच पाठवा. प्रत्येक व्यवहाराला पाठवणारी बँक, मधली बँक आणि घेणारी बँक अशा तिघांचा आकार बसतो, आणि दरमहा आपोआप कापली जाणारी देणगी भारतीय कार्डावर बरेचदा अडकते. तारीखही महत्त्वाची. ग्वाटेमालाचं शालेय वर्ष जानेवारी ते ऑक्टोबर. प्रवेश, गणवेश, वह्या हा सगळा खर्च वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर एकदम येतो. तुमची रक्कम नोव्हेंबरच्या अखेरीस पोचली पाहिजे. मार्चमध्ये ‘आर्थिक वर्ष संपतंय’ म्हणून पाठवलेले पैसे त्या मुलीसाठी एक सत्र उशिरा पोचलेले असतात.

वर्षभर काय पाहायचं

चार सत्रं असतात, चार गुणपत्रकं येतात. गुणांपेक्षा हजेरी आधी पाहा, विशेषतः जानेवारी ते मार्चची. कॉफीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते मार्च चालते आणि डोंगरातली कुटुंबं घर बंद करून पॅसिफिकच्या उतारावरच्या मळ्यांवर जातात. शाळा सुरू होते तेव्हा मूल मळ्यावर असतं. बीड-गेवराईकडच्या ऊसतोड कुटुंबांत हंगामात मुलांच्या शाळेचं काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना अधिक सांगायला नको. ज्या संस्था या काळात मुलाला गावात नातेवाइकाकडे ठेवण्याची सोय करतात किंवा जेवणाचा शिधा देतात, तिथे गळती कमी असते.

विषयांत गणित आणि स्पॅनिश पाहा. बाकीचं सांभाळलं जातं. स्पॅनिश ही या मुलांची दुसरी भाषा, आणि सातवीपासून सगळं तिच्यातच. शिकवणीसाठी वेगळे पैसे मागितले तर खळखळ करू नका. आरोग्याचंही असंच. ग्वाटेमालात पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची वाढ कुपोषणाने खुंटलेली असते आणि माया मुलांत हे प्रमाण त्याहून जास्त आहे. तुमचा विद्यार्थी त्याच्या वयापेक्षा लहान दिसेल. त्यामागे हे आहे.

आणि तो अचानक गेला तर? ‘उत्तरेला गेला’, म्हणजे अमेरिकेला, असं संस्थेचं दोन ओळींचं पत्र येईल. परदेशातून येणारा पैसा हा ग्वाटेमालाच्या सकल उत्पन्नाच्या जवळजवळ एक पंचमांश आहे. घरातला एकजण अमेरिकेत असला की भावाचं घर पक्कं होतं, हे मूल रोज पाहत असतं. त्याला दोष देऊ नका, पैसे परत मागू नका. उरलेली रक्कम त्याच शाळेतल्या पुढच्या मुलासाठी वळवायला सांगा, आणि तो परतला तर दार उघडं आहे एवढं कळवायला सांगा.

पत्र वर्षातून दोनदा पुरे. सोप्या स्पॅनिशमध्ये लिहा, भाषांतराच्या अॅपमधून काढलेलं असलं तर आधी कुणाला वाचून दाखवा. आपल्या घराचे, गाडीचे फोटो नकोत. आपल्याकडच्या पावसाबद्दल, भाकरीबद्दल लिहा. मका दोन्हीकडे आहे, ते आपल्या भाकरीबद्दल हमखास विचारतात. काक्चिकेल मुलीला पत्राच्या शेवटी ‘मात्योश’, म्हणजे धन्यवाद, लिहिलंत तर तिला गंमत वाटेल. तिच्या नावात दोन आडनावं असतील, पहिलं वडिलांचं आणि दुसरं आईचं, दोन्ही लिहा. पार्सल पाठवू नका, सीमाशुल्कात अडकतं आणि सोडवायला संस्थेचा माणूस राजधानीत जातो. भेटायला जायचं असेल तर संस्थेमार्फत, कार्यकर्त्यासोबत, आणि रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. फोटो काढण्याआधी पालकांना विचारा. फेसबुकवर टाकण्यासाठी पुन्हा वेगळं विचारा.

शेवटच्या वर्षाचा खर्च वेगळा धरा

दिव्हेर्सिफिकादोच्या शेवटच्या वर्षी खर्च एकदम वाढतो आणि बरेच गट नेमके इथे गाफील राहतात. त्या वर्षी कुठल्या तरी कार्यालयात बिनपगारी प्रात्यक्षिक काम करावं लागतं, म्हणजे रोजचं बसभाडं आणि नीटनेटके कपडे. ‘सेमिनारियो’ नावाचा गटप्रकल्प असतो, त्याची छपाई असते. पदवीदान समारंभ हा गावाच्या दृष्टीने लग्नाइतका मोठा प्रसंग, त्याची वर्गणी शाळा घेते. शेवटी पदविकेवर कॉन्त्रालोरिया हेनेराल या लेखा-कार्यालयाची नोंद लागते; ती नसेल तर कागद नोकरीत धरत नाहीत. समारंभाच्या खर्चाला नाक मुरडणारे देणगीदार मी पाहिले आहेत. घरातली पहिली पदविका असते, आई नवं हुइपिल घालून येते. तो खर्च मी तरी कधी कापणार नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संस्थेला लेखी कळवा की या मुलीनंतर तुम्ही पुढचा टप्पा घेणार आहात की थांबणार आहात. पुढच्या जानेवारीचे विद्यार्थी ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडतात. विद्यापीठासाठी तिलाच पुढे न्यायचं असेल तर प्रवेशपरीक्षेचे अर्ज आणि तयारीच्या वर्गांची फी याच काळात लागते, आणि ती तुमच्या १५ टक्के राखीव रकमेतून निघते का ते आधी पाहून घ्या.